केसांची विचारपूस



पगार किती, नवऱ्याशी पटतं का, असं आपण कुणाला सहसा तोंडावर विचारत नाही. केसांचं मात्र तसं नाही. देरासरच्या पायरीवर चपला काढता काढता, लग्नाच्या पंगतीत, कसाऱ्याच्या लोकलमध्ये, कुणीही कुणालाही विचारतं. "किती पातळ झाले गं!" "रंग लावणं बंद केलंस का?" "एवढे लांबसडक होते, कापलेस कशाला?" विचारणारीला वाटतं, मी मायेनेच विचारलं.

जिला विचारलं ती काय करते ते बघण्यासारखं असतं. एक हसून सोडून देते. एक लगेच पदर डोक्यावर ओढून घेते. एक न विचारताच थायरॉइडपासून बोअरिंगच्या पाण्यापर्यंत सगळी कारणं सांगत बसते. आणि एक गप्प होते. ती पुढच्या वेळी आपल्याला दुरून पाहिलं की वाट बदलते.

चार शब्दांचा प्रश्न, तो इतका का लागावा? आपल्या महाराष्ट्रात बाईच्या केसांची चौकशी ही नुसती चौकशी नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या चौकशीवर बाईचं जेवणखाण, कपडे, देवदर्शन आणि घरातली जागा ठरत होती. आपल्या मुली-सुनांना हे आता ऐकूनही ठाऊक नसतं, म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

तुम्ही जुन्या सिनेमात किंवा नाटकात लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली म्हातारी पाहिली असेल. तिला सोवळी बाई म्हणत. नवरा गेला की न्हावी घरी बोलवायचा आणि तिचं डोकं वस्तऱ्याने साफ करायचं, ही चाल. तिला केशवपन म्हणत. ते एकदा करून संपत नसे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्या सांगतात की दख्खनच्या ब्राह्मणांत विधवेचं डोकं दर पंधरा दिवसांनी करावं लागे. दर पंधरवड्याला तोच न्हावी, तेच मागचं दार. विधवा सोळा वर्षांची असो की साठ, त्यात फरक नव्हता.

याचं कारण काय सांगत? स्कंदपुराणाच्या काशीखंडात अशा अर्थाचं वचन आहे की विधवेने वेणी बांधली तर परलोकात नवऱ्याला बंधन पडतं. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा सगळा इतिहास चाळला. वेदांत आणि जुन्या स्मृतींत या चालीला आधार नाही, ती बरीच नंतर आली, असं त्यांनी दाखवून दिलं. पण ज्या मुलीच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा तिला कोण पोथी उघडून दाखवणार? केस ठेवलेली विधवा 'सकेशा'. तिच्या हातचं पाणी कर्मठ घरात चालत नसे, तिचा स्वयंपाक देवाच्या नैवेद्याला चालत नसे. म्हणजे "अजून केस ठेवलेत का?" या प्रश्नाच्या उत्तरावर तिला स्वयंपाकघरात पाय ठेवता येईल की नाही ते ठरत होतं.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे काय होतं? १८८२ साली इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. एकेका जातीचं घर कसं, कपडे कसे, खाणं काय, ही माहिती देताना विधवेचं पुन्हा लग्न होतं की नाही, हेही त्यात नोंदलेलं आहे. कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी यांच्यात विधवेचं पुन्हा लग्न लागत असे. त्याला पाट लावणं म्हणत. म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांत भाताच्या खाचरात राबणाऱ्या बहुतेक बायकांना हा वस्तरा माहीतच नव्हता. ज्यांना आपण मागासलेल्या म्हणत आलो, त्यांचे केस त्यांच्याच डोक्यावर राहिले. ज्या घरांत पोथ्या होत्या, तिथल्या लेकीबाळींचे गेले. हे वाचून मी जरा वेळ तशीच बसले होते.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटं पुस्तक छापलं. बाई मराठा समाजातल्या, तोंडाच्या फटकळ. नवरा मेला की बाईच्या दारात न्हावी येतो, आणि बायको मेली तर नवऱ्याचं काय होतं, हे त्यांनी समोरासमोर मांडून पुरुषांना जाब विचारला. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढलं आणि केशवपनावर कडक लिहिलं. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीतल्या यमूचं केशवपन जबरदस्तीने होतं. ही कादंबरी १८९० पासून साप्ताहिकातून क्रमशः येत होती. घराघरांत ती वाचली गेली. जे आपल्या माजघरात चाललंय तेच छापून आलेलं लोकांनी वाचलं.

पण या सगळ्या लिहिणाऱ्यांत मला सगळ्यात मोठे वाटतात ते न लिहिणारे. म्हणजे न्हावी.

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव तुम्ही रविवारच्या सुट्टीमुळे ऐकलं असेल. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. हे लोखंडे आपल्या ठाण्याचे, १८४८ साली ठाण्यात जन्मलेले. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्याच १८९० साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली, आणि यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं न्हाव्यांनी ठरवलं. त्या संपाची बातमी विलायतेपर्यंत गेली होती.

मी व्यापारी घरातली, शिक्षणाने बी.कॉम. मला यातला पैशाचा भाग लगेच दिसतो. न्ह्याव्याचं पोट त्या वस्तऱ्यावर. गावात तो बलुतेदार, सुगीला ठरलेलं धान्य मिळणार ते सगळ्यांची डोकी केली तरच. मोठ्या घरचं गिऱ्हाईक नाराज करणं त्याला परवडणारं नव्हतं. तरी ते म्हणाले, नाही करणार. एका दिवसात चाल बंद झाली असं नाही. पुढेही कितीतरी वर्षं सोवळ्या बायका होत्याच. पण ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच तो खाली ठेवला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या इतिहासात एका ओळीचीही नव्हती.

आपल्या मुरबाडकरांना याच समाजातलं आणखी एक नाव सांगायला हवं, आणि ते बहुतेकींना ठाऊकही आहे. सिद्धगडला २ जानेवारीला पहाटे लोक जमतात ते हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यासाठी. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत असताना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी दोघे गेले. भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. आपण न्ह्याव्याला दारात उभं करून बोलणारी माणसं. त्याच्या घरातून काय काय निघालं ते बघा.

आता उलटा प्रश्न. ज्या बाईचे केस गेले ते गेले. पण जिने पुन्हा वाढवले, तिचं काय?

देवरूखच्या जोशांच्या घरात दोन बहिणी होत्या. थोरली गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचं पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं, आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. लग्नानंतर कर्वे मुरूडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. (हे दापोलीजवळचं मुरूड, आपलं मुरबाड नव्हे. वाचताना माझ्या मैत्रिणीचा गोंधळ झाला होता.) कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला.

धाकटी बहीण पार्वतीबाई. जन्म १८७० चा, लग्न अकराव्या वर्षी, आठवल्यांच्या घरात. विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक मुलगा. त्यांचं केशवपन झालं. बहिणीने पुनर्विवाह केला, यांनी केला नाही. त्या शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमाचं काम अंगावर घेतलं आणि आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या. सोवळ्या बाईच्या वेषात. जुन्या वळणाच्या घरात असा वेष पाहिला की दार लवकर उघडे. म्हणजे ज्या चालीने त्यांना दुखावलं, तिचाच आश्रमाच्या कामाला उपयोगही होत होता.

आणि १९१२ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, पार्वतीबाईंनी डोकं करणं बंद केलं. केस वाढू दिले.

मैत्रिणींनो, यावर जरा विचार करा. केस काढणं पाव तासाचं काम. वाढवायला महिने लागतात. पहिल्या महिन्यात काळी सावली, मग काटे, मग बोटभर, मग ना धड वेणी ना धड काही. हे सगळं रोज लोकांसमोर. पदराखाली किती दिवस लपणार? आणि त्या तर घराघरांत देणगी मागायला जाणाऱ्या. दर दारात नवे डोळे. एवढी वर्षं डोकं केलंत, आता या वयात केस कशाला हवेत, हा प्रश्न कुणी बोलून विचारला असेल, कुणी नुसता बघून. टीका तर झालीच. पार्वतीबाईंनी १९२८ साली 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र छापलं, आणि त्यात केशवपनाबद्दल आणि स्वतःच्या या निर्णयाबद्दल उघडपणे लिहिलं. लपवलं नाही, कुणाची क्षमाही मागितली नाही. याच बाई १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० साली परतल्या. मला मात्र वाटतं, अमेरिकेला जायला लागतं त्याहून जास्त धैर्य त्यांना बोटभर केसांनिशी आपल्याच ओळखीच्या दारात उभं राहायला लागलं असेल.

वाचताना आपल्याला वाटतं, हे ब्राह्मणांचं झालं, आपल्यात असं नव्हतं. तेवढं सोपं नाही. आपल्या गुजराती-मारवाडी घरांतही विधवेला पुन्हा लग्नाची मोकळीक नव्हतीच. 'खूणो पाळणं' हा शब्द तुमच्या आजीच्या तोंडी ऐकला असेल. खूणो म्हणजे घराचा कोपरा. नवरा गेला की बाईने महिनोन् महिने कोपऱ्यात बसायचं, गडद साडी, बांगड्या नाहीत, कुणाच्या शुभकार्यात पुढे यायचं नाही. आमच्या आजेसासूबाई तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांचे केस कुणी काढले नव्हते. पण त्यांना केस विंचरताना घरातल्या कुणीच कधी पाहिलं नाही. पहाटे सगळे उठायच्या आत त्या दार लावून अंबाडा बांधून मोकळ्या होत. विधवेने आरशासमोर बसलेलं दिसलं की कुणीतरी विचारणार, आता कुणासाठी? त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून पन्नास वर्षं त्या अंधारात उठल्या.

आपल्या समाजातही या कोपऱ्यातून बाहेर काढणारी माणसं झाली. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची मुलगी मगनबाई तरुणपणी विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला, जैन विधवांना आणि मुलींना शिक्षण दिलं. सोलापूरला सुमतीबाई शहांनी तसंच मोठं काम उभं केलं. दोघी दिगंबर समाजातल्या, म्हणून आपल्या श्वेतांबर घरांत त्यांची नावं कमी ऐकू येतात. ती घ्यायला हवीत.

आता धर्माकडे येते, कारण आपल्याकडे केस नसलेलं डोकं हे काही अशुभ चिन्ह नाही. उलट आपण त्यापुढे वाकतो.

चंदनबालेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राजकन्या वसुमती, नशिबाने कौशांबीच्या धनावह शेठच्या घरी आली. शेठचे पाय धुताना तिचे लांब केस सुटून खाली आले, शेठने मुलीच्या मायेने ते वर उचलले. शेठाणी मूलाने पाहिलं आणि तिच्या मनात विष कालवलं. शेठ गावाला गेल्यावर तिने चंदनबालेचं डोकं मुंडवलं, पायात बेड्या घातल्या आणि तिला कोंडून ठेवलं. तीन दिवसांनी शेठ परतला, हाताशी होते ते उडदाचे बाकुळे सुपात घालून तिला दिले आणि बेड्या तोडायला लोहाराला बोलवायला गेला. त्याच वेळी भगवान महावीर गोचरीला आले. पाच महिने पंचवीस दिवस त्यांचा उपवास चालला होता. अभिग्रह कठीण होता: राजकन्या हवी, बेड्या हव्यात, एक पाय उंबऱ्याच्या आत एक बाहेर हवा, डोळ्यांत पाणी हवं, आणि डोकं मुंडलेलं हवं.

ही कथा मी शंभरदा ऐकली असेल. पण केशवपनाचा इतिहास वाचल्यावर त्यातली एक गोष्ट वेगळी दिसली. मूला शेठाणीने ज्या डोक्याचा अपमान केला, भगवंतांनी नेमकं तेच डोकं पाहून भिक्षा घेतली. हिचे केस कुठे गेले, असं घर हिला का कोंडतं, हे त्यांनी तिला विचारलं नाही. पुढे तीच चंदनबाला छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली, आणि तेव्हा केस नसणं हा तिचा स्वतःचा निर्णय होता.

म्हणजे एकाच बाईच्या आयुष्यात दोन वेळा डोकं बिनकेसांचं. एकदा दुसऱ्याने हिसकावलं म्हणून, एकदा स्वतः सोडलं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. शंभर वर्षांपूर्वीचं आपलं गाव आठवा. सकाळी सोवळी बाई समोर आली तर अपशकुन म्हणून माणूस दोन पावलं मागे फिरे. त्याच रस्त्याने साध्वीजी आल्या तर वाकून वंदन करे. फरक केसांत नव्हता. कुणी ठरवलं, यात होता.

मुंबई-नाशिक रस्त्याने विहार करणाऱ्या साध्वीजी महाराज आपल्या शहापूरला मानस मंदिरात थांबतात, कधी आपल्या उपाश्रयात उतरतात. त्यांचा लोच तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. वस्तरा नाही, कात्री नाही. बोटांना राख लावून थोडे थोडे केस हाताने उपटायचे. न्हावी लागत नाही, पैसा लागत नाही, केसांतल्या जिवांची हिंसा होत नाही, आणि शरीराचा मोह किती सुटलाय याची परीक्षाही होते. संवत्सरीच्या आधी लोच व्हायलाच हवा. आजारी आणि अशक्त असतील त्यांच्यासाठी शास्त्रात सवलतही आहे. दर पंधरवड्याच्या त्या वस्तऱ्याला अशी सवलत कुणी ठेवली नव्हती.

एकदा एका शाळकरी मुलीने लोच झालेल्या साध्वीजींना सगळ्यांदेखत विचारलं, "महाराजसाहेब, दुखत नाही?" आम्ही मोठ्या बायका तिला गप्प करायला धावलो. साध्वीजी हसल्या आणि म्हणाल्या, "दुखतं की. पण मला कुणी करायला लावलं नाही." मुलीचं समाधान झालं, ती खेळायला गेली. जिच्या डोक्याचा निर्णय तिचा स्वतःचा असतो, तिला प्रश्न टोचत नाही. आजेसासूबाईंना पहाटे दार लावावं लागे, साध्वीजींना नाही.

आणि लोच झाला की आपण काय करतो? शाता विचारायला जातो. "लोचाची सुखशाता आहे ना?" एवढंच. किती केस निघाले, रक्त आलं का, हे विचारत नाही. बरं आहे ना, काही सेवा असेल तर सांगा, एवढं विचारून वंदन करून परततो. आपल्या धर्माने आपल्याला केसांबद्दल विचारायची रीत हजारो वर्षांपूर्वीच शिकवून ठेवली आहे. आपण ती फक्त उपाश्रयापुरती ठेवली.

हिशेब विचारणं आणि शाता विचारणं यातला फरक व्यापाऱ्याच्या घरातल्या बाईला समजवावा लागत नाही. हिशेब मागणारा वरच्या खुर्चीवर असतो. उत्तर पटलं नाही तर तो शिक्षा करू शकतो. "केस का ठेवलेत," "केस का वाढवलेत," "केस कुणासाठी विंचरतेस," हे सगळे हिशेबाचे प्रश्न होते. आज कुणी वस्तरा घेऊन येत नाही. पण "का कापलेस" या सुरात तो जुना हिशेब अजून ऐकू येतो, म्हणून समोरची पदर ओढून घेते किंवा कारणं सांगत बसते.

आमच्या ओळखीतल्या एकीचं गेल्या वर्षी परळला टाटामध्ये कॅन्सरचं औषध चाललं होतं. केस सगळे गेले. उपचार ती धीराने घेत होती, उलट्या सहन करत होती, लोकलने जात-येत होती. पण चार महिने ती देरासरला आली नाही. मी घरी गेले तेव्हा म्हणाली, "पूजेला यायला पाय शिवशिवतात. पण पायरीवर बारा जणी विचारतात, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. घरी येईपर्यंत मी पुन्हा आजारी होते." आपल्या बारा जणींमधली एकही तिचं वाईट चिंतणारी नव्हती. तरीही आपल्या विचारण्याने एक श्राविका चार महिने देवाच्या दारापासून लांब राहिली. पूर्वी सकेशा विधवेला देवाच्या कामातून बाहेर ठेवायचे, ते नियम करून. हिला कुणी अडवलं नव्हतं, आणि तरी ती बाहेरच राहिली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. त्या यादीत केशवपन नाही. कारण ते लिहायची गरजच उरली नव्हती. ताराबाई, लोखंडे आणि त्यांचे न्हावी, पार्वतीबाई, सगळ्यांनी मिळून त्या यादीतली ती एक ओळ खोडून टाकली. बाकीच्या ओळी एकेका गावाने, एकेका घराने खोडायच्या आहेत, आणि आपल्या घरांतल्या 'खूणो'च्या उरल्यासुरल्या रीतीही त्यातच येतात.

ठराव करायला ग्रामसभा लागते. पायरीवरचं आपलं बोलणं बदलायला काही लागत नाही. पर्युषण जवळ आलंय, देरासरला गर्दी होईल, वर्षभर न भेटलेल्या भेटतील. कुणाचे केस पिकलेले दिसतील, कुणाचे विरळ, कुणी बॉबकट करून आलेली असेल, कुणाच्या डोक्याला स्कार्फ असेल. डोळ्यांना दिसेल ते दिसेल. तोंडाने फक्त शाता विचारायची. तिला सांगावंसं वाटलं तर ती आपणहून बाजूला घेऊन सांगेल, आणि मग वेळ काढून ऐकायचं.

ती आमची ओळखीची आता बरी आहे. यंदा अठ्ठाई करणार म्हणते. केस बोटभर आलेत, पूर्वी सरळ होते, आता कुरळे. हे तिनेच मला सांगितलं, हात लावून दाखवलं. तुम्हाला ती भेटली तर एवढंच विचारा, शातेत आहेस ना?

जय जिनेंद्र.